एकसष्टावा सेकंद

साठ सेकंदांचं एक मिनिट आणि साठ मिनिटांचा एक तास, हे कोष्टक आपण पाढ्यांबरोबरच पाठ केलेलं असतं. त्यात कधी बदल होईल, अशी शंकाही कुणाला येत नाही. पण १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, रविवार होता तो, पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी सुरू झालेलं मिनिट एकसष्ट सेकंदांचं होतं. एकोणसाठाव्या सेकंदानंतर थेट साडेपाच वाजले नाहीत. मध्ये आणखी एक सेकंद घातला गेला आणि मग साडेपाच वाजले. कर्जत-खालापूरच्या गावांत त्या वेळी दुधाची किटली सायकलला अडकवली जात असेल, कर्जत स्टेशनात पहाटेची लोकल पकडायला माणसं जिना उतरत असतील. कुणाला काही कळलं नाही. कळण्याचं कारणही नव्हतं. पण जगभरच्या संगणकांना मात्र ते कळलं आणि त्यांतल्या काहींना ते मुळीच सोसलं नाही.

याला 'लीप सेकंद' म्हणतात. लीप वर्ष आपल्याला ठाऊक असतं, हा त्याचा धाकटा भाऊ. १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत असे सत्तावीस सेकंद घड्याळात घातले गेले. ते घालायचे ग्रिनिचच्या मध्यरात्री. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे हा पाहुणा नेहमी पहाटे साडेपाचच्या उंबरठ्यावर येतो.

तो येतो कशाला? १९६७ मध्ये शास्त्रज्ञांनी सेकंदाची व्याख्या पृथ्वीकडून काढून घेतली आणि सीझियम नावाच्या मूलद्रव्याच्या अणूकडे सोपवली. त्या अणूच्या विशिष्ट प्रारणाची ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. हा हिशेब पक्का, त्यात सवलत नाही. पृथ्वी मात्र इतकी काटेकोर नाही. चंद्रामुळे समुद्राला भरती-ओहोटी येते, त्या ओढाताणीत तिचा वेग अगदी किंचित मंदावत जातो. अणूच्या घड्याळाचे ८६,४०० सेकंद पूर्ण होतात आणि पृथ्वीची गिरकी एखाद-दोन सहस्रांश सेकंदानं अपुरी राहते. रोजची ही थकबाकी इतकी क्षुल्लक की कुणी विचारणार नाही. पण बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा: क्षुल्लक थकबाकी रोज साठत गेली की एक दिवस ती ताळेबंदात दिसतेच. पृथ्वीचा आणि अणूचा फरक पाऊण-एक सेकंदाच्या घरात गेला की पॅरिसची एक संस्था सहा महिने आधी जाहीर करते, की अमुक तारखेला एक सेकंद जास्तीचा धरा.

मराठी घराला ही कल्पना अपरिचित वाटू नये. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी आपण अधिक महिना घालतो. धोंड्याचा महिना म्हणून जावयाला बोलावतो, अनारशांचं वाण देतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, तो असाच. चंद्र आणि सूर्य यांची वही जुळवण्यासाठी घातलेली ती जमा नोंद. लीप सेकंद हा घड्याळाचा धोंडा. फरक इतकाच, की अधिक महिना पंचांगकर्त्याला शंभर वर्षं आधी मांडता येतो. पृथ्वी कधी किती रेंगाळेल हे गणितानं आधी सांगता येत नाही, मोजूनच पाहावं लागतं.

सूर्याचा आणि घड्याळाचा वाद आमच्या या भागाला नवा नाही. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. घाट अजून बांधून व्हायचा होता. मुंबईहून आलेला उतारू खोपोलीला उतरायचा, पालखीतून नाहीतर पायी घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला पुढची गाडी धरायचा. गाडी धरायची तर दोन्ही ठिकाणची घड्याळं एक हवीत. त्याआधी ती गरज कुणालाच नव्हती. सूर्य डोक्यावर आला की दुपार, मग ती मुंबईची असो की कर्जतची. कर्जत मुंबईच्या पूर्वेला असल्यानं इथली दुपार तिथल्यापेक्षा दोन मिनिटं आधी होते. त्या दोन मिनिटांचं कुणाला काय होतं? लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर धरला जायचा. तांब्याची भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. अशा साठ घटकांचा दिवस.

रेल्वेनं हे बदललं. पुढे देशभरच्या गाड्यांसाठी मद्रासची वेळ घेतली गेली आणि कर्जतच्या फलाटावरचं घड्याळ कर्जतच्या सूर्याच्या सुमारे २८ मिनिटं पुढे धावू लागलं. मुंबईत हा वाद चांगलाच पेटला. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांत मद्रास वेळ पाळण्याचा हुकूम काढला. शहरानं तो मानला नाही आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली. तेव्हाही मुंबईत निषेधाच्या सभा झाल्या. सरकारची वेळ ती आमची वेळ का म्हणून, असा तो प्रश्न होता आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत तो साधा नव्हता. रेल्वे आणि तारखातं प्रमाणवेळेवर, पण मुंबई महापालिका ३९ मिनिटं मागे असलेल्या 'मुंबई टाइम'वर, अशी दुहेरी व्यवस्था थेट १९५५ पर्यंत चालली. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, तरी मुंबईत 'भेटू सहा वाजता' म्हटल्यावर 'कुठले सहा?' असं विचारायला जागा होती.

आज कर्जतला घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर नसतो. तो यायला सरासरीनं सदतीस मिनिटं लागतात. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याचं काम पुढे पडणार आहे.

आता संगणकाकडे येऊ. घड्याळ कुठलंही असो, त्याला दोन गोष्टी लागतात: न चुकता हेलकावणारी एक वस्तू आणि ते हेलकावे मोजणारा एक कारकून. लंबकाच्या घड्याळात लंबक हलतो आणि दातेरी चाकं मोजतात. खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी नळांतून खाली येतं आणि जनित्रं फिरवतं. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास हेलकावे खातो, तेव्हा तीही एक प्रकारची टिकटिकच. तिच्यावर चालणारी भिंतीवरची विजेची घड्याळं अनेकांनी पाहिली असतील. संगणकात हे काम क्वार्ट्झचा चिमुकला स्फटिक करतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचे पंधरा वेळा निम्मे करत गेलं की बरोबर एक उरतो, आणि निम्मं करणं हे संगणकाच्या हातचं काम.

यंत्र बंद असतानाही हा स्फटिक एका बटणाएवढ्या सेलवर चालू असतो. यंत्र सुरू केलं की त्याची कार्यप्रणाली, म्हणजे सगळा कारभार पाहणारी मुख्य आज्ञावली, एकदा या स्फटिकाला वेळ विचारते आणि पुढची मोजदाद स्वतःच्या हाती घेते. ती 'पाच वाजून तीस मिनिटं' असं काही मोजत नाही. ती फक्त सेकंद मोजते. युनिक्स आणि लिनक्स घराण्यातली यंत्रं १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपासून किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा बाळगतात. तारीख, वार, तास हे सगळं त्या आकड्यावरून मागाहून काढलेलं. विंडोजची गणना १६०१ सालापासून, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून! जुन्या डॉस यंत्रांची १ जानेवारी १९८० पासून.

या १९८० शी माझी गाठ पडली आहे. नव्वदच्या दशकात आमच्या शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. खालापूर तालुक्यातल्या एका शाखेत मार्चअखेरच्या गर्दीत एक भातशेतकरी पीककर्जाचा हप्ता भरून गेला. वेळेत फेडलं तर व्याजात सवलत मिळणार होती. दोन-तीन महिन्यांनी तो कपाळाला आठ्या घालून आला. त्याच्या खात्यावर थकबाकी आणि दंडव्याज लागलं होतं. त्यानं कनवटीची पिशवी सोडून पावती काढली. छापील पावती, शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. तारीख मात्र १ जानेवारी १९८०. यंत्रातला तो बटणाएवढा सेल संपला होता. रात्री वीज गेली, सकाळी यंत्र सुरू झालं ते आपल्या जन्मतारखेला, आणि त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "ऐंशी साली तर मी आठवीत होतो. कर्ज कुठलं घेणार?"

हसू आलं खरं, पण त्याच्या दृष्टीनं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. व्याजाची रक्कम काही शेकड्यांत होती आणि तेव्हा काही शेकडे म्हणजे बियाण्याचे पैसे. पैसे दिले हे सिद्ध होत होतं, पण कधी दिले हे नाही, आणि कर्जात 'कधी' हाच निम्मा व्यवहार असतो. शेवटी उपयोगी पडलं ते रोखपालाचं हातानं लिहिलेलं स्क्रोल. त्यात त्या दिवसाच्या नोंदी क्रमानं होत्या. त्याच्या आधी कुणाचा भरणा, नंतर कुणाचा, हे दिसत होतं. यंत्राची तारीख खोटी पडली तरी रांगेतली जागा खोटी पडली नाही. दंडव्याज परत झालं.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. वेळ कशासाठी हवी, तर किती वाजले हे कळण्यापेक्षाही आधी काय आणि नंतर काय हे ठरवण्यासाठी. बँकेत व्हाउचरवर दोन खुणा असत: तारखेचा शिक्का आणि अनुक्रमांक. शिक्क्याची तारीख बदलता येते, चुकीची पडू शकते. अनुक्रमांक कधी मागे जात नाही. कार्यप्रणालीतही नेमकी अशीच दोन घड्याळं असतात. एक भिंतीवरच्या घड्याळासारखं, जे लोकांना दाखवायचं आणि चूक आढळली तर पुढेमागे करायचं. दुसरं यंत्र सुरू झाल्यापासून नुसतं मोजत राहणारं, कधीही मागे न फिरणारं. एखाद्या कामाला किती वेळ लागला हे मोजायचं ते दुसऱ्यावर. हा साधा भेद विसरला की काय होतं, ते लीप सेकंदानं दाखवून दिलं.

संगणकाच्या लेखी दिवस नेहमी ८६,४०० सेकंदांचाच. एकसष्टाव्या सेकंदाला त्याच्या वहीत रकानाच नाही. मग तो काय करतो? आदल्या सेकंदाचा आकडा पुन्हा लिहितो. खातेवहीत एकाच क्रमांकाची दोन पानं यावीत तसं. त्या दोन सेकंदांत झालेल्या दोन व्यवहारांपैकी आधीचा कुठला, हे आकड्यावरून सांगता येत नाही. कधी कधी तर नंतरचा आधी झालेला दिसतो.

१ जुलै २०१२ चा लीप सेकंदही रविवारीच आला. लिनक्सच्या गाभ्यातल्या एका चुकीमुळे वेळ एक सेकंद मागे आल्याची वार्ता मुख्य घड्याळाला कळली, पण गजर लावणाऱ्या विभागाला कळली नाही. परिणामी 'अर्धा सेकंद झोपतो, मग उठव' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमना तो विभाग तत्क्षणी उठवू लागला. झोपले की उठव, झोपले की उठव. असंख्य यंत्रं काहीही काम न करता शंभर टक्के राबत राहिली. रेडिट, लिंक्डइनसारख्या मोठ्या संकेतस्थळांना त्याचा फटका बसला. ऑस्ट्रेलियात तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तिथल्या क्वांटास कंपनीची प्रवासी नोंदणीची यंत्रणा कोलमडली आणि कर्मचाऱ्यांना प्रवाशांची नोंद हातानं करावी लागली. यावरचा उपाय ऐकण्यासारखा आहे: यंत्राला जी वेळ दिसत होती तीच वेळ पुन्हा लावायची. जाग्या माणसाला 'जागा हो' म्हणून हलवण्यातला प्रकार. पण त्यामुळे सगळे विभाग एका वेळेवर येत आणि यंत्र शांत होई.

२०१७ च्या त्या पहाटे क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या एका प्रोग्रॅमनं दोन नोंदींमधला वेळ काढताना शिक्क्याच्या घड्याळातून वजाबाकी केली. वेळ मागे गेल्यानं उत्तर उणे आलं. काळ उणे असू शकत नाही, हे गृहीत धरलेला प्रोग्रॅम तिथेच बंद पडला.

मग यावर तोड काय? ती समजायला कर्जतहून वर घाटाकडे पाहावं. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत गाडीला सुमारे १८०० फूट चढायचं असतं. रेल्वेला पायरी चढता येत नाही. म्हणून इंजिनिअरांनी ती उंची मैलोगणती पसरली, सदतिसास एक अशा चढावर आणली, आणि १८६३ मध्ये गाड्या घाट चढू लागल्या. आजही कर्जतला गाडी थांबते, मागे जादा इंजिनं लागतात आणि तिला वर ढकलतात. या इंजिनांना 'बँकर' म्हणतात, हे कळल्यावर मला व्यवसायबंधू भेटल्याचा आनंद झाला होता. गूगलनं २००८ मध्ये लीप सेकंदाचं तेच केलं. एक सेकंदाची पायरी नको, तिचा घाट करू. पुढे हा चढ पूर्ण चोवीस तासांवर पसरण्याची पद्धत रूढ झाली. त्या दिवसाचा प्रत्येक सेकंद सुमारे साडेअकरा मायक्रोसेकंदांनी लांबवायचा. दिवस संपेतो एक सेकंद पोटात घातलेला असतो आणि कुठेही धक्का बसत नाही. सहस्रांश सेकंदाचा लक्षांश एवढादेखील फरक ज्यांना चालत नाही अशांची गोष्ट वेगळी, पण बाकीच्यांचं निभावतं.

मुळात यंत्रांची घड्याळं रोजच अशी हळूच सांभाळावी लागतात. स्वस्तातला स्फटिक दिवसाला सेकंद-दीड सेकंद सहज चुकतो. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास एक रीत बसवली. यंत्रानं आपल्यापेक्षा अचूक यंत्राला 'किती वाजले?' असा निरोप पाठवायचा. निरोप जायला आणि उत्तर यायला लागलेला वेळ मोजायचा, त्याचा निम्मा उत्तरात मिळवायचा आणि आपलं घड्याळ त्या दिशेला हळूहळू वळवायचं. आपल्या देशात या उतरंडीच्या माथ्यावर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे. भारतीय प्रमाणवेळ तिथल्या सीझियम घड्याळांवरून ठरते. एप्रिल २०२२ मध्ये सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं संस्थांना आपली घड्याळं तिथल्या किंवा राष्ट्रीय सूचना केंद्राच्या वेळेशी जुळवण्याचे निर्देश दिले, ते उगाच नाही. कर्जत स्टेशनाबाहेर पावसाळ्यात टाकळा, कुर्डू घेऊन बसणाऱ्या मावशींच्या टोपलीशीसुद्धा आता चौकोनी ठिपक्यांचं कार्ड असतं. गिऱ्हाईक वीस रुपये मोबाइलवरून देतं. ते वीस रुपये दोन बँकांच्या यंत्रांतून जातात. त्या दोन यंत्रांच्या घड्याळांत तफावत असेल आणि व्यवहार मध्येच अडकला, तर पैसे आधी गेले की आधी परत आले, हे कुणी आणि कशावरून ठरवायचं? आता रोखपालाचं हाताचं स्क्रोल नाही. घड्याळांचं एकमत हेच स्क्रोल.

आणि म्हणूनच लीप सेकंदाचे दिवस भरत आले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्सायला भरलेल्या वजनमापांच्या जागतिक परिषदेनं ठरवलं, की २०३५ पर्यंत ही सेकंद-सेकंदाची जुळवाजुळव थांबवावी आणि पृथ्वीला मागे पडायला पुष्कळ मोकळीक द्यावी. त्यात पृथ्वीनंही गंमत केली. गेल्या काही वर्षांत तिची गिरकी थोडी वेगावली आहे. २०१६ नंतर एकही सेकंद घालावा लागलेला नाही, उलट एखादा काढावा लागेल की काय, अशी चर्चा आहे. अधिक महिन्याप्रमाणे आपल्याकडे क्षय महिनाही असतो, १९८२-८३ मध्ये तो आला होता. पण पंचांगवाल्यांना त्याची सवय आहे. सेकंद गाळण्याचा प्रसंग संगणकांवर आजवर एकदाही आलेला नाही आणि जे कधी केलेलं नाही ते बिघडणारच, असा त्या क्षेत्रातल्या जाणत्यांचा अनुभव आहे.

शिवाय १९ जानेवारी २०३८ समोर आहेच. त्या सकाळी आपल्याकडे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी, १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या ३२ अंकी यंत्रांचा रकाना भरून जाईल. पुढच्या सेकंदाला ती थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातील, भारतीय प्रमाणवेळच नव्हती अशा काळात. नव्या यंत्रांना ही भीती नाही, पण कारखान्यांच्या आणि पंपांच्या पेट्यांत बसवलेल्या कितीतरी जुन्या यंत्रांना आहे. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री सगळ्या शिलकांचे कागद छापून शाखेत जागत बसलेल्यांपैकी मी एक आहे. तेव्हा काही झालं नाही, म्हणून लोक हसले. काही झालं नाही, कारण आधी दोन वर्षं पुष्कळांनी काम केलं होतं.

लीप सेकंद बंद झाला तर घड्याळाचं सूर्याशी असलेलं नातं तुटेल, असं काही जण कळकळीनं म्हणतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आकडे पाहावेत. अणूच्या घड्याळात आणि आपल्या घड्याळात आजवर जमलेला एकूण फरक, १९७२ ला सुरुवातीचे दहा धरून, सदतीस सेकंद. आणि कर्जतच्या सूर्यात व कर्जतच्या घड्याळात असलेला फरक सदतीस मिनिटं, म्हणजे साठपट. तो पाळायला लागूनही आपल्याला शंभरावर वर्षं झाली. भात लावणारा अजूनही झापड पडली की बांधावरून घरी येतो आणि त्याचाच मुलगा घड्याळाच्या काट्यावर लोकल पकडतो. दोघांचं एका घरात चाललं आहे.

सूर्य आपला कुठेही जात नाही. सांभाळायची आहे ती माणसामाणसांतली आधी-नंतरची साक्ष, ज्याच्या जोरावर एखादा शेतकरी काउंटरवर पावती ठेवून म्हणू शकतो, की मी वेळेत आलो होतो.